अमेरिकेतले कॉन्झर्व्हेटिव्ह ख्रिस्ती लोक कुटुंब, मुलं आणि धर्मस्वातंत्र्य याबद्दल एवढे आग्रही का असतात? हे सगळं राजकारणच आहे का?

तुम्ही ज्यांच्याबद्दल विचारताय त्यांच्यातच माझी गणती होते, म्हणून आतून जे दिसतं ते लिहिते. मी मूळची नगरची. गेली सोळा वर्षं टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या एका उपनगरात राहते आणि तिथल्या बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाते.

राजकारण आहेच, ते नाकारून चालणार नाही. निवडणूक जवळ आली की कुटुंब हा शब्द भाषणांतून फारच ऐकू येतो. पण निवडणुका नसतात तेव्हाही आमची माणसं याच गोष्टींवर बोलत असतात, कारण मुळाशी एकच प्रश्न आहे: मूल कुणी घडवायचं, घराने की सरकारने?

हा प्रश्न इथे शंभर वर्षांपूर्वी कोर्टात गेला. 1922 मध्ये ओरेगन राज्याने जनमत घेऊन कायदा केला की 8 ते 16 वर्षांच्या मुलांनी सरकारी शाळेतच गेलं पाहिजे. रोख होता कॅथलिक शाळांवर, आणि कायद्यासाठी जोर लावणाऱ्यांत कु क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी झटणारी संघटना होती. शाळा चालवणाऱ्या कॅथलिक सिस्टर्स सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. 1925 मध्ये न्यायालयाने एकमताने कायदा रद्द केला आणि म्हटलं की मूल ही केवळ सरकारची निर्मिती नव्हे. आमचे लोक हे वाक्य आजही अभिमानाने सांगतात. त्या कायद्याला मतं देणारे पुष्कळसे आमच्याच प्रोटेस्टंट गोतातले होते, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. मला वाटतं तेही सांगायला हवं.

दुसरा खटला 1972 चा. विस्कॉन्सिनमधल्या न्यू ग्लॅरस गावाजवळच्या तीन आमिश बापांनी आठवीनंतर मुलांना शाळेतून काढलं. आमिश म्हणजे आधुनिक जगापासून दूर, साधं शेतीचं आयुष्य जगणारा ख्रिस्ती पंथ. पुढचं शिक्षण शेतात आणि घरात, अशी त्यांची रीत. प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. आमिश लोक कोर्टाची पायरी चढत नाहीत, म्हणून त्यांच्या बाजूने उभं राहायला लुथरन पंथाच्या एका पाळकाने, म्हणजे पाद्र्याने, पुढाकार घेऊन समिती उभारली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आमिशांच्या बाजूने लागला. पण न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळं मत नोंदवलं. ते म्हणाले, आईबापांचं ऐकलंत, पण मुलांना विचारलंत का? तिघांपैकी एकाच मुलीने कोर्टात आपलं म्हणणं मांडलं होतं. हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्याच्याकडे शेवटी येते.

27 जून 2025 ला याच वाटेवरचा आणखी एक निकाल आला. मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीच्या शाळांत समलिंगी आणि ट्रान्सजेंडर पात्रांच्या गोष्टींची पुस्तकं लहान वर्गांत वाचली जात होती. काही पालकांचं म्हणणं होतं की त्या तासाला आमच्या मुलांना बाहेर बसू द्या, आणि शाळांनी आधी दिलेली ती सवलत काढून घेतली होती. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी पालकांची बाजू घेतली. दाव्यावर पहिलं नाव एका मुसलमान बापाचं होतं, सोबत कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स कुटुंबं. आमच्या मंडळीत या निकालावर आनंद झाला तेव्हा मी एवढंच म्हटलं की हा आनंद खरा असेल, तर उद्या त्याच मुसलमान बापाला मशिदीसाठी परवानगी मिळत नसेल तेव्हाही आपण त्याच्या बाजूने बोललं पाहिजे.

मुलांच्या सुखाचं म्हणाल तर तो आमच्यासाठी रोजचा विषय आहे आणि त्याचं नाव मोबाइल. आमच्या मंडळीत बुधवारी संध्याकाळी किशोरवयीन मुलांची सभा असते. दाराला चपला ठेवायची कापडी कप्प्यांची पिशवी टांगलेली असते, प्रत्येक कप्प्यावर नंबर. मुलं आत येताना आपापल्या कप्प्यात फोन ठेवतात. पहिली दहा मिनिटं हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळत नाही. कुणी बाही ओढतं, कुणी नखं कुरतडतं. मग कुणीतरी पिझ्झाचा खोका उघडतो आणि आवाज वाढू लागतो. मागच्या हिवाळ्यात एक मुलगी जाताना फोन घ्यायला विसरली आणि तिला ते घरी पोचल्यावर कळलं. तिची आई मला हे सांगताना रडत होती.

टेक्सासने 2023 मध्ये कायदा केला की अश्लील संकेतस्थळांनी पाहणाऱ्याचं वय तपासावं. तोही न्यायालयात टिकला, त्याच 27 जूनला. त्याला माझा मनापासून पाठिंबा आहे. कायदा घराची जागा घेत नाही, पण घराला हात देतो.

आता आमच्याच लोकांना बोचेल असं. मुलांच्या रक्षणाबद्दल बोलायचा अधिकार आधी मिळवावा लागतो. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन हा इथला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ. मे 2022 मध्ये त्याचा चौकशी अहवाल बाहेर आला. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी वरिष्ठांनी वर्षानुवर्षं दाबल्या आणि आरोपी पाळकांची यादी स्वतःपाशीच ठेवली, असं त्यात आहे. तो वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या मंडळीत पोरीबाळींचं ऐकून घेतलं जात नाही तिने कुटुंबावर प्रवचन करू नये.

दुसरं, 2025 मध्ये टेक्सासने सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलातल्या दहा आज्ञांचा तक्ता लावायचा कायदा केला. कमीत कमी 16 बाय 20 इंच, मजकूरही कायद्यानेच ठरवलेला. माझे बरेच मित्र खूश आहेत, मी नाही. या आज्ञांची क्रमवारी ज्यूंची वेगळी, कॅथलिकांची वेगळी, आमची वेगळी. मग भिंतीवर कुणाची लावायची हे ठरवणारं सरकार कोण? मी नगरला वाढले, वर्गात आम्ही ख्रिस्ती मुली दोघीच होतो. भिंतीवर दुसऱ्याचा देव असला की लहान मुलाला काय वाटतं ते मला ठाऊक आहे. देवाची वचनं घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांना सांगत जा, असं शास्त्रात, म्हणजे बायबलात, आईबापांना सांगितलंय.

आमच्याकडे ते तसंच चालायचं. जेवणं झाली की अप्पा शास्त्र उघडायचे, आई ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं पद सुरू करायची, मधेच वीज जायची तरी गाणं थांबायचं नाही. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पाण्याच्या विधीने ते ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहावं लागलं. पुढे त्या परत आल्या आणि नंतर स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. धर्मस्वातंत्र्य आणि कुटुंब नेहमी एकाच बाजूला असतात असं नाही, हे आमच्या समाजाला तेव्हापासून माहीत आहे.

डग्लसांच्या प्रश्नाकडे आता येते. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. नगरच्या आमच्या मंडळीत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, माझाही तसाच झाला. इथे बाप्टिस्टांत माणसाने स्वतः विश्वास कबूल केल्यावरच तो देतात. त्याच्या बरोबरीच्या मुलांनी घेतलाय, त्याने नाही. मागे एकदा गाडीत म्हणाला, "मम्मी, मला अजून नक्की माहीत नाही. खोटं बोलून पाण्यात उतरू का?" मी गाडी चालवत राहिले, डोळे भरून आले होते. बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका, असंही शास्त्र म्हणतं, आणि ते आयांनाही लागू आहे असं मी धरून चालते.

दर रविवारी आम्ही उपासनेला निघायच्या बेतात असतो तेव्हा नगरला संध्याकाळ झालेली असते आणि आईचा फोन येतो. ती विचारते, "नातवाचा बाप्तिस्मा कधी?" मी म्हणते, "तो सांगेल तेव्हा." ती थोडा वेळ गप्प बसते, मग म्हणते, "बरं. मी प्रार्थना करते." आणि फोन त्याच्याकडे द्यायला सांगते.