लिगामेंट म्हणजे स्नायू नव्हे. आणि गुडघ्यातल्या ‘गादी’विषयी

प्रश्न असा आहे: कबड्डीत गुडघा पिळवटलेल्या मुलाच्या एमआरआय अहवालात पुढचे क्रुशिएट लिगामेंट आणि आतल्या बाजूचा मेनिस्कस (मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामधली कोरीच्या आकाराची गादी) फाटल्याचे लिहिले आहे, तर घरच्यांना ‘स्नायू फाटला, गादी सरकली’ असे सांगावे का?

‘स्नायू’ म्हणू नये. आजच्या मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारे मांस; लिगामेंट हाडाला हाडाशी बांधते, म्हणून ‘अस्थिबंध’ हाच नेमका शब्द. घोटाळा मात्र जुना आहे. सुश्रुतसंहितेत मांसाला ‘पेशी’ म्हटले असून ‘स्नायू’ हा शब्द बांधणाऱ्या दोरांसाठी येतो. बंधनांनी जखडलेल्या फळ्यांची नाव जसा भार पेलते, तसे स्नायूंनी बांधलेले शरीर, अशी सुंदर उपमा तेथे आहे, आणि ९०० स्नायूंच्या गणनेत एका गुडघ्याच्या वाट्याला १० आले आहेत. पुढे मराठीत हा शब्द मांसाकडे सरकला, तर बंगालीत मज्जातंतूकडे.

स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा हाडाकडून हाडाकडे जातो म्हणून अस्थिबंध ठरतो, पण त्याचे तंतू मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेचेच खाली आलेले असल्यामुळे त्याला दोन्ही नावे मिळतात.

सांध्याच्या पोटातले दोन अस्थिबंध, म्हणजेच क्रुशिएट लिगामेंट, एकमेकांना फुलीसारखे छेदतात; मला त्यांच्यासाठी ‘फुलीबंध’ हा शब्द आवडतो. त्यांतला पुढचा ‘पुढचा’ ठरतो तो नडगीच्या माथ्यावर पुढे चिकटतो म्हणून. वर मात्र तो मागे झुकत मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोळ्याच्या आतल्या अंगाला मिळतो.

‘गादी’ बोलण्यात रुळली आहे, पण म्हातारपणी झिजणाऱ्या, हाडाच्या टोकावरच्या कूर्चेलाही (कार्टिलेजलाही) आपण गादीच म्हणतो, म्हणून येथे ती अपुरी पडते. मेनिस्कस या ग्रीक शब्दाचा अर्थच छोटा चंद्र, तेव्हा ‘चंद्रकोरी कूर्चा’ म्हणावे. दोन्ही कोरींची टोके नडगीच्या माथ्यावर मध्यभागी रोवलेली असतात. पण आतल्या बाजूच्या कोरीची कड त्याच बाजूच्या अस्थिबंधालाही चिकटलेली असते, तर बाहेरची कोर तिकडच्या अस्थिबंधापासून सुटी असते आणि त्या दोहोंमधून एक कंडरा जाते. बाहेरची कोर त्यामुळे गुडघ्याबरोबर सहज हलते. आतली जखडलेली असल्याने अधिक वेळा फाटते. ‘सरकली’ हे क्रियापदही म्हणूनच येथे नको.

घरी एवढे सांगावे: ‘गुडघ्यातला पुढचा फुलीबंध आणि आतल्या बाजूची चंद्रकोरी कूर्चा फाटली आहे.’