शीतपेयांवरील करामुळे लठ्ठपणा खरोखर कमी होतो का?

प्रश्न : माझ्या मुलाला बारावे वर्ष लागले असून त्याचे वजन वयाच्या मानाने बरेच वाढले आहे. शाळेतून येताना तो रोज शीतपेयाची एक बाटली घेतो. परदेशांत अशा पेयांवर कर लावून लठ्ठपणा कमी केला, असे वाचनात आले. हे खरे आहे का? आपल्याकडे तर या पेयांवर आधीच भरमसाट कर आहे. मग त्याचा उपयोग का दिसत नाही?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कराने खप घटतो का आणि खप घटल्याने वजन घटते का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आहे. मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून साखर घातलेल्या पेयांवर लिटरमागे एक पेसो, म्हणजे किमतीच्या सुमारे १० टक्के, कर लावला. कर नसता तर जेवढी खरेदी झाली असती, तिच्या तुलनेत पहिल्या वर्षी सुमारे साडेपाच टक्के आणि दुसऱ्या वर्षी जवळजवळ १० टक्के घट आढळली, आणि गरीब कुटुंबांत ती अधिक होती.

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडा हिशेब करावा लागतो. २५० मिलिलिटर कोलामध्ये साधारण २६ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे १०० कॅलरी असतात. रोज एक बाटली पिणाऱ्याने त्यात १० टक्के कपात केली, तर दिवसाला १० कॅलरी वाचतात. ही अर्धा चमचा साखर झाली. एवढ्याने साऱ्या देशाचे सरासरी वजन उतरेल, अशी अपेक्षा मी तरी ठेवणार नाही. मात्र दिवसाला दोन-तीन बाटल्या पिणाऱ्याने त्यातली एक सोडली, तर फरक खरोखर मोठा असतो, आणि सरासरीच्या आकड्यात तो दिसत नाही.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो ब्रिटनचा अनुभव. तेथील आकारणी उत्पादकावर आहे आणि ती साखरेच्या प्रमाणानुसार ठरते : १०० मिलिलिटरमध्ये ८ ग्रॅम किंवा अधिक साखर असल्यास लिटरमागे २४ पेन्स, ५ ते ८ ग्रॅम असल्यास १८ पेन्स आणि ५ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास काहीही नाही, असे दर ठरले. घोषणा मार्च २०१६ मध्ये झाली आणि अंमल एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाला. मधल्या दोन वर्षांत अनेक कंपन्यांनी कर टाळण्यासाठी साखरच कमी केली, त्यामुळे ग्राहकाने सवय न बदलताही त्याच्या पोटात कमी साखर जाऊ लागली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंग्लंडमधील दहा-अकरा वर्षांच्या मुलींमधील लठ्ठपणाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी आढळले. मुलग्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. अशा अभ्यासाने कर हेच एकमेव कारण होते असे सिद्ध होत नाही. तरीही आशा धरावी असा हा पुरावा आहे.

आपल्या कराची रचना नेमकी इथे चुकते. पूर्वी वायुयुक्त पेयांवर २८ टक्के जीएसटी आणि १२ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून एकच ४० टक्के दर आहे. पण साखर भरपूर असो वा मुळीच नसो, दर तोच राहतो, मग उत्पादकाने साखर कमी का करावी? उलट, वायू नसलेल्या, फळांचा गर घातलेल्या पेयांवरील कर त्याच वेळी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. यांतील अनेक आंबापेयांत कोलाइतकी किंवा त्याहून अधिक साखर असू शकते. लहान मुलांच्या हाती सर्वांत सहज जाणाऱ्या पेयांना दिलेली ही सवलत मला अत्यंत चुकीची वाटते. कर साखरेच्या ग्रॅमवर बसायला हवा.

आपल्या मुलापुरते सांगायचे, तर कोलाऐवजी आंबापेय, उसाचा रस किंवा गाळलेला फळांचा रस दिल्याने काही साधणार नाही. साखरविरहित कोलाचाही आधार घेऊ नये. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडी वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवले आहे. रोजची बाटली प्रथम एक दिवसाआड आणि मग आठवड्यातून एकदा, अशी कमी करा. शाळेतून आल्या आल्या त्याला थंड पाणी किंवा साखर न घातलेले ताक मिळेल अशी व्यवस्था ठेवा. बालरोगतज्ज्ञांकडून उंची-वजनाचा तक्ताही तपासून घ्या, कारण वाढत्या वयात वजन उतरवण्यापेक्षा ते स्थिर ठेवून उंची वाढू देणे अनेकदा पुरेसे ठरते.