खांद्यावरचा लॅपटॉप आणि खिशावरचा भार

प्रश्न : नागपुरात लोकमान्य नगरला राहते, इंटिरियरची कामं स्वतंत्रपणे घेते. महिन्याला सरासरी ४५ हजार येतात, ३० हजार खर्च, शिल्लक १ लाख ६० हजार. सीताबर्डीत दोन लॅपटॉप पाहिले : ग्राफिक्स कार्डवाला २.४ किलोचा १ लाख २० हजारांना, हलका १.३ किलोचा ८२ हजारांना. आठवड्यातले चार दिवस बेसा, मनीषनगरच्या साइटवर असते, रेंडर (खोलीचं खऱ्यासारखं दिसणारं संगणकचित्र) रात्री घरी. जुना लॅपटॉप चालतो, पण बॅटरी अर्धा तास टिकते. नो-कॉस्ट ईएमआयवर कोणता घेऊ?

उत्तर : आधी ९० हजार बाजूला काढा. तो तुमचा तीन महिन्यांचा खर्च आहे, आणि पितृपक्षात नवं काम कोणी सुरू करत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. उरले ७० हजार. म्हणजे भारी लॅपटॉपला ५० हजार कमी पडतात, हलक्याला १२.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज किमतीतून वजा दाखवतात, पण बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी घेतेच. १ लाख २० हजारांचे १२ हप्ते, व्याजदर १५ टक्के धरला तर व्याज सुमारे ९,२०० आणि त्यावर जीएसटी साधारण १,६५०. प्रोसेसिंग फी वेगळी. रोखीची सूट गेली ती गेलीच. ‘बिल लावून कर वाचेल’ हेही विसरा : अनुमानित कर योजनेत निम्मी जमा नफा धरली जाते, घसारा वेगळा मिळत नाही.

आता वजन. २.४ किलोच्या यंत्राचा अडॅप्टरच पाऊण किलोच्या आसपास असतो, आणि तो नेल्याशिवाय इलाज नाही, कारण बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने चालतच नाही. प्लग नसलेल्या साइटवर तुम्ही फक्त ओझं न्याल. त्यात बरेच लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले. आपल्या मे महिन्यात ते तापले की वेग आपोआप उतरतो. (कूलरच्या थेट झोतात ठेवणं हा उपाय नाही, बाष्प आत जातं.) हलक्यात स्केचअप, ऑटोकॅडसारखी ड्रॉइंगची सॉफ्टवेअर चालतील, पण वेगळं कार्ड नसल्याने रेंडर रात्रभर रेंगाळेल. शिवाय पातळ यंत्रांत रॅम बहुधा बोर्डावरच जोडलेली असते, पुढे वाढत नाही.

म्हणून दोन्ही नको. जुन्या लॅपटॉपला नवी बॅटरी टाका, साइटवर ड्रॉइंग दाखवायला तो पुरतो. घरी डेस्कटॉप जुळवून घ्या. ८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डात काटकसर नको, एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) नावाजलेल्या कंपनीचाच, छोटा यूपीएस हवाच. बॅटरी धरून ७० हजारांत बसत नसेल तर रॅमची १६ जीबीची एकच पट्टी घ्या, दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. मॉनिटर दोन महिने थांबला तरी घरचा टीव्ही एचडीएमआयने चालतो. लॅमिनेटचा रंग मात्र त्यावर ठरवू नका.

साइटवरच बदल करून तिथेच रेंडर दाखवायची वेळ आठवड्यातून दोनदा तरी येत असेल, तर भारी लॅपटॉपच घ्या, पण ५० हजार साठल्यावर. तेव्हा दुकानदाराला कार्डाचं नाव नव्हे, त्याला किती वॅट वीज मिळते ते विचारा, वेग त्यावर ठरतो : आरटीएक्स ४०६० हेच नाव लॅपटॉपमध्ये ३५ वॅटलाही मिळतं आणि ११५ लाही.