‘टेल’ला मराठीत काय म्हणायचं? माझं मत: पांढरी

प्रश्न असा आला की एकोणिसाव्या शतकातला उत्खननकार होर्मुझ्द रस्साम याच्यावर मराठीत लिहिताना इराकमधल्या ‘टेल’साठी, म्हणजे जुन्या वस्तीच्या उंचवट्यासाठी, कुठला शब्द घ्यावा, कारण ‘ढिगारा’ खटकतो आणि ‘टेकडी’ म्हटलं की आपल्याला पर्वतीच दिसते. खटकणं अगदी बरोबर आहे. टेकडी निसर्गाची असते, टेल माणसाच्या राहण्यानं तयार होतो. कच्च्या विटांचं घर पडतं, तीच माती सपाट करून त्यावर नवीन घर उभं राहतं, चूल, राख, खापरं, हाडं सगळं खाली दबत जातं आणि असं हजारो वर्षं चाललं की जमीनच वर येते.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, पांढरी. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, आणि हा रंग खरोखर राखेचा, चुन्याचा, शेणामातीचा असतो. धाब्याच्या घरावर टाकायला लोक हीच माती आणायचे आणि फावड्याबरोबर खापरं निघायची. गाव उठून गेलं तरी तिथली माती पांढरीच राहते. म्हणून मी ‘पांढरीचं टेकाड’ म्हणेन, त्यात उंची पण आली आणि वस्ती पण आली.

रस्सामच्या गोष्टीत तर हा शब्द फार चपखल बसतो. हा मोसुलचाच असिरियन माणूस, जन्म १८२६ चा, म्हणजे स्वतःच्याच पूर्वजांची पांढरी खणत होता असं म्हणता येतं! डिसेंबर १८५३ मध्ये कुयुंजिकच्या टेकाडावर, म्हणजे मोसुलजवळच्या प्राचीन निनवे शहराच्या पांढरीवर, ज्या भागावर फ्रेंचांचा हक्क मानला जायचा तिथे, त्यानं रात्री गुपचूप खोदकाम लावलं आणि असिरियन राजा अशुरबनिपालचा राजवाडा लागला, सिंहाच्या शिकारीच्या त्या कोरीव शिळा आणि मातीच्या पाट्यांचं ग्रंथालय.

आणि मूळ शब्द बघा. प्राचीन इराकच्या अक्कादी भाषेत तो ‘तिल्लू’, अरबीत ‘तल’. असिरियन राजे आपल्या लेखांत शत्रूच्या शहरांचं तिल्लू केलं असं कोरून ठेवायचे, आपण गाढवाचा नांगर फिरवला म्हणतो ना, तसंच. इ.स.पू. ६१२ मध्ये त्यांची राजधानी निनवे पडली आणि त्याचंही तिल्लू झालं.

विशेषनामात मात्र मूळ रूप ठेवा, तल अबू हब्बा वगैरे. ‘तेल’ लिहू नका, इराकचा विषय असल्यावर वाचणारा थेट खनिज तेलाकडे जातो.