‘विठ्ठल’ लपवला, ‘वि’ सापडला

तुमच्या तिन्ही गोष्टी एकत्रच घेतो. पायथनच्या प्रोग्रॅमने फोटोत ‘विठ्ठल’ लपवला, तर तुमच्याच लॅपटॉपवर परत काढताना नुसता ‘वि’ आला. तोच फोटो व्हॉट्सॲपवर मित्राला पाठवला, तर त्याच्याकडे सगळा कचरा निघाला. आणि वर विचारलंय की हे कोणाच्या लक्षात येईल का.

पहिलीचं कारण तुमच्या कोडमध्येच आहे, आणि देवनागरीत काम करणारा माणूस या खड्ड्यात एकदा तरी पडतोच. संदेशाआधी तुम्ही त्याची लांबी लिहिता, ती स्ट्रिंगवरून, म्हणजे शब्दातल्या चिन्हांवरून मोजलेली. पायथनच्या हिशेबी ‘विठ्ठल’ म्हणजे सहा चिन्हं: व, वेलांटी, ठ, पायमोडकं चिन्ह, ठ, ल. पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची ठरलेली पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे झाले १८ बाइट. वाचणाऱ्या भागाने सहा बाइट उचलले आणि दुकान बंद केलं. सहा बाइटांत मावतात व आणि वेलांटी. इंग्रजी शब्द घेऊन चाचणी केलीत म्हणून हे दिसलं नाही. तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. आधी एन्कोड करा, म्हणजे शब्दाचे बाइट करून घ्या, मग ते बाइट मोजा.

बाकी तुमची पद्धत, संदेशाचे बिट पिक्सेलच्या आकड्यांच्या शेवटच्या बिटांत ठेवायची, बरोबर आहे. नवीन वाचणाऱ्यांसाठी एक अक्षर उलगडून दाखवतो. ‘क’ चे तीन बाइट, म्हणजे २४ बिट (० किंवा १) असे: १११००००० १०१००१०० १००१०१०१. फोटोतला पहिला पिक्सेल समजा लाल २१२, हिरवा १८७, निळा ९४ आहे. प्रत्येक आकड्याचा शेवटचा बिट आपल्याला हवा तसा करायचा. पहिले तीन बिट १, १, १, म्हणजे तिन्ही आकडे विषम हवेत: २१३, १८७, ९५. मधल्याला हात लावावाच लागला नाही. पुढचे तीन बिट ०, ०, ०, म्हणून पुढच्या पिक्सेलचे तिन्ही आकडे सम. असे आठ पिक्सेल झाले की एक ‘क’ बसला. २१२ चा लाल आणि २१३ चा लाल यांतला फरक रंगाऱ्यालाही सांगता येणार नाही. हजार बाय हजारच्या फोटोत या हिशेबाने ३,७५,००० बाइट मावतात. मावतात म्हणून भरायचे नसतात, ते पुढे येतंच.

आता व्हॉट्सॲप. तुम्ही पीएनजी पाठवलीत. त्यात पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा राहतो. पण फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप त्याची जेपीईजी करतं, बऱ्याचदा आकारही कमी करतं. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातल्या ६४ आकड्यांचं रूपांतर ६४ गुणांकांत करते आणि ते गुणांक ठोकळमानाने जवळच्या ठरावीक आकड्यांवर आणून ठेवते. डोळ्याला जे दिसत नाही तेच आधी फेकायचं, हा तिचा धंदा. आणि तुम्ही संदेश नेमका तिथेच ठेवलाय. उपाय साधा: डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल आहे तशी पोचते.

जेपीईजीतच लपवायचं असेल तर पिक्सेल सोडा आणि असे ठोकळ होऊन गेलेल्या गुणांकांत लपवा. जेस्टेग, एफ५, स्टेगहाइड हे लपवायचे प्रोग्रॅम तेच करतात. (स्टेगहाइड पीएनजी घेतच नाही, त्यावर वेळ घालवू नका.) अर्थात तीही फाइल कोणी पुन्हा कॉम्प्रेस केली की खेळ खलास.

चित्राच्या फाइलच्या शेपटीला झिप जोडायची युक्तीही तुम्हाला कोणीतरी सांगेल. चित्र उघडतं, झिपही उघडते, मजा येते. पण ते लपवणं नव्हे. फाइलीत दडलेल्या फाइली शोधणारं बाइनवॉक चालवलं की दोन सेकंदांत बाहेर.

तिसरा प्रश्न खरा महत्त्वाचा. डोळ्याला दिसत नाही, पण मोजणाऱ्याला दिसतं. शेवटचा बिट बदलताना २१२ चा २१३ होऊ शकतो, २११ कधीच नाही. म्हणजे २१२–२१३, २१४–२१५ अशा जोड्या ठरलेल्या. एन्क्रिप्ट केलेला (पासवर्डशिवाय वाचता न येणारा) मजकूर ठासून भरला की प्रत्येक जोडीतल्या दोघांची संख्या जवळजवळ सारखी होते, आणि खऱ्या फोटोत असा समसमान वाटा सहसा नसतो. वेस्टफेल्ड आणि फिट्समन या संशोधकांनी १९९९ मध्ये यावरूनच काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रीय चाचणी मांडली. मग वेस्टफेल्डनेच ती चुकवणारं एफ५ आणलं २००१ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी संशोधक जेसिका फ्रिड्रिच आणि सहकाऱ्यांनी तेही पकडलं. त्यांची शक्कल मला फार आवडते: फोटो चार पिक्सेलने कापायचा आणि पुन्हा जेपीईजी करायचा. आठाचे चौकोन सरकतात, आणि मूळ फोटोतल्या गुणांकांचा आलेख कसा असेल याचा अंदाज त्यातूनच मिळतो.

माझी फजिती मात्र इतकी उच्च दर्जाची नव्हती. ऑफिसातल्या एका स्पर्धेसाठी मी नेटवरचा प्रसिद्ध वॉलपेपर घेऊन त्यात कोडं लपवलं होतं, दोन संध्याकाळी खपून. एका ज्युनियरने मूळ वॉलपेपर उतरवला, दोन चित्रांची वजाबाकी केली आणि चहा गार व्हायच्या आत उत्तर घेऊन हजर. तेव्हापासून फोटो स्वतः काढायचा, आणि काम झालं की मूळ फाइल पुसायची.

मजकूर आधी एन्क्रिप्ट करा, मगच लपवा. मोठा फोटो, थोडा मजकूर, आणि पिक्सेल ओळीने न घेता पासवर्डवरून ठरणाऱ्या उलटसुलट क्रमाने. आणि पासवर्ड सांभाळा. अमेरिकेत २०१० मध्ये रशियाचे छुपे हेर पकडले, ते चित्रांत निरोप दडवून पाठवायचे. प्रोग्रॅमचा पासवर्ड होता चांगला २७ अक्षरांचा. एफबीआयला तो झडतीत कागदावर लिहिलेला सापडला.

कोड दुरुस्त झाला की ‘ज्ञानेश्वर’ घालून बघा: दहा चिन्हं, ३० बाइट, ८० पिक्सेल, लांबीचे वेगळे. अजूनही ‘ज्ञ’ वरच अडला, तर लांबी लिहिणारी आणि वाचणारी अशा दोन्ही ओळी इथे टाका, बघतो.