हाफ डोमसाठी वेगळा परवाना

अमेरिकेच्या कॅलिफोर्नियातील जॉन म्युअर ट्रेल ही लांब पायवाट चालताना योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील हाफ डोम हे खडकाळ शिखरही चढण्याचा आपला बेत उत्तम आहे. मात्र नागपूरहून विमानाचे तिकीट काढण्याआधी परवान्याचे पाहावे. रानातील मुक्कामाचा परवाना मिळाला की शिखरही आलेच, असे धरून चालणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. शेवटच्या उभ्या चढावर धरून चढण्यासाठी पोलादी केबल लावलेल्या काळात, म्हणजे साधारण मेअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हाफ डोमचा परवाना वेगळा लागतो आणि सबडोमच्या, म्हणजे शिखराआधीच्या लहान घुमटाच्या, पायथ्याशी उद्यानाचे रेंजर तो मागू शकतात. मुक्कामाचा अर्ज भरतानाच त्याचीही मागणी नोंदवावी; या परवान्यांची मार्चमधील सोडत एका दिवसात जाऊन येणाऱ्यांसाठी असते. खडक ओला असेल किंवा ढग गडगडत असतील, तर परवाना खिशात असूनही केबलला हात लावू नये. चढाच्या सरावाला पचमढीचे धूपगड आपल्याला जवळ आहेच. सामानाचे नंतर पाहू.