यील्ड : वाकणे, नमणे की खचणे?

प्रश्न असा आहे : दोषरहित नॅनोस्फटिक (काही नॅनोमीटरचा स्फटिक) ताणण्याच्या, अणू-अणू मोजणाऱ्या संगणकी सिम्युलेशनवर मराठीत लिहिताना ‘यील्ड होणे’ (भार काढला तरी आकार पुरता परतत नाही, अशा बदलाची सुरुवात) याला ‘वाकणे’ म्हणावे की ‘नमणे’?

दोन्ही नकोत. पुरात वाकलेले लव्हाळे पाणी ओसरले की पुन्हा उभे राहते. ‘लवचीक’मधले लवणेही तसेच, परतीचे. हे शब्द यील्डच्या आधीच्या, स्थितिस्थापक टप्प्याचे. ‘तुटणे’ फार पुढचे. मधल्या जागेसाठी माझे मत ‘खचणे’ला. खचलेली जमीन आपणहून वर येत नाही, पण म्हणून ती दुभंगलेली असतेच असेही नाही.

नॅनोस्फटिकाला तर हा शब्द अधिकच शोभतो. नेहमीच्या धातूत डिसलोकेशन (अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष) आधीच असतात, त्या थोड्या प्रतिबलालाही (स्ट्रेस) सरकू लागतात. यील्ड हळूहळू होते, म्हणून 0.2 टक्के कायम विकृतीचा (स्ट्रेन) संकेत ठरवावा लागतो. दोषरहित स्फटिकात सरकायला काही नसतेच. पहिली डिसलोकेशन जन्मावी लागते. भौतिकशास्त्रज्ञ फ्रेंकेलने 1926 मध्ये अणूंचा अख्खा थर एकदम सरकतो असे धरून त्यासाठी लागणारे कर्तन-प्रतिबल (थराला आडवे सरकवणारे) काढले : कर्तनगुणांक (अशा सरकण्याला पदार्थ किती विरोध करतो त्याचे माप) भागिले 2π. तांब्याचा गुणांक 48 गिगापास्कल धरला तर साधारण 7.6 गिगापास्कल. हा अंदाज चढाच आहे, पण दोषरहित स्फटिक गिगापास्कलच्या घरातच खचतात. मऊ तांबे त्याच्या कितीतरी आधी. ही तफावत डिसलोकेशनने उलगडली, ती 1934 मध्ये.

आलेखात खचणे लपत नाही : प्रतिबल चढत जाते आणि एका क्षणी कड्यावरून पडल्यासारखे कोसळते. तिथे 0.2 टक्क्यांची रेघ मारत बसू नये. आलेख त्याआधीच थोडा वाकतो, त्यालाही यील्ड म्हणू नये. काही टक्के विकृतीला अणूंमधले बल सरळ रेषेत वाढत नाही, एवढेच. शंका असेल तर त्या क्षणाची साठवलेली स्थिती घेऊन भार उतरवावा. लांबी मूळची झाली आणि आत रचनादोष उरला नाही, तर स्फटिक खचलेला नाही. तांब्याची मूळ रचना घनीय; त्यात शेजारशेजारचे दोन थर षट्कोनी रचनेचे दिसले, तर घसरण झाली.

खचण्याच्या प्रतिबलाचा आकडा देताना ताणण्याचा वेगही द्यावा. सिम्युलेशनची एक पायरी साधारण 1 फेम्टोसेकंदाची असते. दहा लाख पायऱ्या म्हणजे जेमतेम 1 नॅनोसेकंद. तेवढ्यात 10 टक्के ताणायचे तर विकृतीचा वेग सेकंदाला 10 कोटी होतो. डिसलोकेशन जन्मायला उष्णतेच्या कंपनांची मदत लागते आणि इतक्या घाईत ती मिळत नाही, म्हणून खचण्याचे प्रतिबल फुगते. सीमा सर्व बाजूंनी आवर्ती (एका बाजूने बाहेर पडलेला अणू समोरच्या बाजूने आत येतो अशा) ठेवल्या तर आणखी फुगते, कारण पृष्ठभागच उरत नाही. नॅनोतारेत पृष्ठभाग असतो आणि पहिली घसरण बहुधा कडेकोपऱ्यातूनच निघते. तेव्हा ‘दोषरहित’ हे विशेषण फक्त आतल्या भागापुरते घ्यायचे.

जाता जाता : स्ट्रेस आणि स्ट्रेन या दोन्हींना ‘ताण’ म्हणू नका. पहिले प्रतिबल, दुसरी विकृती. ‘खचणबिंदू’ कानाला खडबडीत वाटत असेल, तर ‘ज्या प्रतिबलाला स्फटिक खचतो’ असे सरळ लिहा.